एक्केचाळिसावं पान

बाईंनी स्वतःचीच चोरी पकडली ती एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, आपल्याच दुसऱ्या कादंबरीच्या अठ्ठ्याऐंशीव्या पानावर.

पान प्रुफाचं होतं. प्रकाशकानं बाईंच्या जुन्या अकराही कादंबऱ्यांची नव्यानं अक्षरजुळणी करून घेतली होती. त्यात नवी बारावी घालायची आणि एका देखण्या खोक्यात सगळा संच काढायचा, असा त्याचा बेत होता. अकरांची प्रुफं बाईंच्या टेबलावर येऊन पडली होती आणि बारावीचं फक्त शेवटचं पान त्यांच्याकडून जायचं होतं. तेही तसं तयारच होतं. आठ महिने घासूनपुसून लिहिलेल्या त्या पानाच्या शेवटच्या वाक्यावर बाई इतक्या खूश होत्या, की कपडे वाळत घालताना ते स्वतःशीच म्हणत. ‘तिनं दिवा मालवला, आणि अंधारात ते घर पहिल्यांदाच तिच्या मापाचं झालं.’

आणि आता हीच ओळ, काना-मात्रेचा फरक नाही, अठ्ठ्याऐंशीव्या पानावर बसलेली. तीही एका नर्सच्या वाट्याला. ही नर्स दीड पानापुरती येते, दिवा मालवते आणि पुढे तीनशे पानांत कुणाला तिची आठवणसुद्धा येत नाही.

बाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. ओळ होती तिथंच होती. ‘मी लिहिलं हे?’ त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर पहिला क्षणभर त्यांना बरंच वाटलं होतं. बत्तीस वर्षांपूर्वी आपण काही वाईट लिहीत नव्हतो म्हणून. मग डोक्यात प्रकाश पडला आणि तोंड कडू झालं.

कुणी म्हणेल, लेखिकेला आपलं वाक्य आठवू नये? पण बाई आपलं छापलेलं पुस्तक कधी उघडतच नसत. एकदा छापून झालेलं वाचायचं म्हणजे त्यांना उष्टं ताट पुन्हा पुढ्यात ओढल्यासारखं वाटे. ‘लिहून झालं, संपलं,’ असं त्या मुलाखतींत ऐटीत सांगत, आणि मुलाखत घेणारेही माना डोलावत. ती ऐट आता अंगाशी आली होती.

खरा घोटाळा मात्र खोक्यात होता. हे खोकं बुटांचं. बाईंनी सव्वीस वर्षं एका वाचनालयात पुस्तकांची कार्डं करण्यात घालवली होती, त्यामुळे त्यांचं लिहिणंही कार्डंवाल्या माणसाचं होतं. एखादं वाक्य सुचलं की मिळेल त्या कपट्यावर उतरवायचं, तिकिटाच्या पाठीवर, औषधाच्या वेष्टनावर, आणि खोक्यात टाकायचं. कादंबरी अडली की खोकं उघडायचं. वाक्य वापरलं की त्यावर लाल पेन्सिलीनं एक तिरकी रेघ मारायची. वाचनालयात जे पुस्तक फाटून, हरवून बाद होई, त्याच्या कार्डावर अशीच लाल रेघ मारत. लाल म्हणजे संपलं, पुन्हा हात लावायचा नाही.

तेरा वर्षांपूर्वी बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या पंधरा दिवस दवाखान्यात होत्या. नेमकी तेव्हाच वरच्या घरातली मोरी गळली आणि खोकं चिंब भिजलं. घरी होते बाईंचे यजमान. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. शहराखालचा एकेक पाइप त्यांच्या हाताखालून गेला होता आणि आळीत सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. काकांनी एकेक कपटा दोरीवर चिमटे लावून वाळवला. मग वाचनालयानं टाकून दिलेली कोरी कार्डं घरात पडून होती, त्यांच्यावर चारशे बारा वाक्यं आपल्या त्या सुबक, छापल्यासारख्या अक्षरात उतरवून काढली. मूळचे कपटे कुजायला लागले होते ते टाकून दिले. बाई घरी आल्या तेव्हा खोकं नवं, कार्डं नवी, सगळं ओळीनं लावलेलं. बाई रडल्या होत्या. नवव्या कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत त्यांनी लिहिलं होतं, ‘माझी वाक्यं वाळवणाऱ्यास.’

फक्त लाल रेघा तेवढ्या काकांनी उतरवल्या नव्हत्या. नकाशाच्या कचेरीत कच्च्या नकाशावर साहेब लाल पेन्सिलीनं खुणा करतात आणि पक्का नकाशा काढताना लाल काहीही उचलायचं नसतं. तिथला तो पहिला धडा. पक्क्या प्रतीवर लाल दिसलं तर नोकरीच्या पहिल्याच वर्षी बोलणी खावी लागतात. काकांनी चौतीस वर्षं लाल वगळलं होतं, इथंही वगळलं. आणि बाईंनी, इतक्या आनंदात, एकाही कार्डावर रेघ कशी नाही हे पाहिलंच नाही.

हे सगळं बाईंच्या ध्यानात यायला मंगळवारची दुपार उजाडली. तोवर त्यांनी कार्डं काढून प्रुफांशी ताडून पाहायला सुरुवात केली होती, आणि जे हाती लागलं त्यानं त्यांचा संताप पार शिगेला गेला. गेल्या तेरा वर्षांत आलेल्या तिन्ही कादंबऱ्यांत जुनी वाक्यं पुन्हा छापली गेली होती. एकाही वाचकाचं पत्र आलं नव्हतं. एका समीक्षकानं तर दहावीतलं ‘माफी मागायला तो इतका उशिरा आला, की कशाची ते दोघांनाही आठवेना’ हे वाक्य अख्खं उतरवून लिहिलं होतं, की बाईंच्या भाषेला उतारवयात नवी धार आली आहे. ते वाक्य चौथीतलं होतं. तेव्हा हाच गृहस्थ त्या कादंबरीला पसरट म्हणाला होता.

आता अकरा जुन्या आणि एक नवी अशा एकाच खोक्यात शेजारी शेजारी बसणार. आतापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, पण संच विकत घेणारा माणूस ओळीनं वाचत जाणार, आणि बारावीच्या शेवटाला पोचल्यावर कपाळाला हात लावून म्हणणार, अरे, हे तर त्या नर्सचं! बाईंनी प्रकाशकाला फोन केला.

“शेवटचं पान बदलायचंय मला.”

“मॅडम, अहो, तुम्हीच तर म्हणालात की इतका चांगला शेवट आजवर जमला नव्हता.”

“जमला होता. तेच तर दुखणं आहे.”

प्रकाशक बिचारा गोंधळला, पण पुढल्या शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणाला. त्यापलीकडे एक दिवस नाही. छपाईची तारीख ठरली होती. म्हणजे बाईंच्या हातात दहा दिवस होते आणि आठ महिन्यांचं काम केराच्या टोपलीत.

काका संध्याकाळी फिरून आले ते बाईंच्या तावडीत सापडले. टेबलावर कार्डांचे ढीग, खुर्चीवर प्रुफं, मध्ये बाई.

“लाल रेघा कुठं गेल्या?” बाईंनी चप्पल काढायचीही उसंत दिली नाही.

“कसल्या रेघा?”

“माझ्या कपट्यांवर होत्या त्या. निम्म्यांवर होत्या!”

काकांनी आठवून पाहिलं. “होत्या खऱ्या. त्या मी गाळल्या. लाल गाळायचंच असतं ना?”

बाईंनी मग जे सुनावलं ते इथं सगळं सांगण्यात अर्थ नाही. पंधरा मिनिटं चाललं. काका उभ्यानं ऐकत होते. बोलता बोलता बाई एकदम थांबल्या. त्यांना भलतंच काही सुचलं होतं.

“चारशे बारा वाक्यं तुम्ही हातानं लिहिलीत,” त्या हळू म्हणाल्या. “त्यातली दोनशे तरी माझ्या छापलेल्या पुस्तकांतली होती. एकही ओळखीचं वाटलं नाही तुम्हाला?”

काका वाकून चप्पल काढायला लागले.

“अहो, मी काय विचारतेय?”

“नाही वाटलं.”

“म्हणजे तुम्ही वाचलेलीच नाहीत. एकसुद्धा.” बाई खाली बसल्या, त्या नेमक्या प्रुफांवर. “प्रत्येक वेळी म्हणायचात, छान झालीय. मुखपृष्ठ बघून म्हणायचात की काय?”

“पहिली वाचली होती,” काका म्हणाले. “एक्केचाळीस पानांपर्यंत.”

“आणि मग? झोप आली?”

काकांनी कोपऱ्यातल्या दिव्याकडे बघत, शाळेत कविता म्हणतात तसं सरळ म्हणून टाकलं, “‘त्या घरात चार खुर्च्या होत्या आणि पाचवा तिचा नवरा. फरक इतकाच, की तो चहा प्यायचा.’ त्यानंतर पुढं नाही वाचलं. म्हटलं, आणखी काय काय असेल.”

“असलं काही मी लिहिलेलं नाही,” बाई ताडकन म्हणाल्या.

काका हातपाय धुवायला गेले. बाईंनी पहिलीचं प्रुफ ओढलं, एक्केचाळिसावं पान काढलं. पानाच्या मधोमध ते होतं. त्यांना ते लिहिल्याचं काही म्हणता काही आठवेना. कुठल्या रागात लिहिलं, कुठल्या टेबलावर, काही नाही. चौतीस वर्षं त्या ते विसरून बसल्या होत्या, आणि त्यांचं एवढं एकच वाक्य या माणसाला तोंडपाठ होतं. बाईंना लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि ते वाक्य प्रुफातून काटून टाकलं. दोनदा रेघ मारली.

सकाळी चहाच्या वेळी काका म्हणाले, “पुस्तकं दे सगळी. माझ्यामुळे झालंय, तर खुणा मीच परत करून देतो.”

“तुम्ही वाचणार? अकरा?”

“वाचायला लागणारच ना. त्याशिवाय कुठलं वाक्य वापरलंय ते कळणार कसं?”

आणि मग घरात एक विचित्र कचेरी सुरू झाली. बाहेरच्या खोलीत काका जेवणाच्या टेबलावर कार्डं मांडून, पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन बसत. सकाळी नऊ ते एक, दुपारी तीन ते सहा. प्रुफाचं पान पट्टी सरकवत ओळीनं वाचायचं, कार्ड सापडलं की लाल रेघ, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात कादंबरीचा आकडा, पानाचा आकडा. चेहऱ्यावर काही नाही. पाइपांचे नकाशे तपासतानाही त्यांचा चेहरा असाच असायचा. आतल्या खोलीत बाई कोऱ्या कागदापुढे. कान मात्र बाहेर. नवरा आपली कादंबरी वाचतोय आणि हसतही नाही, हुंकारही देत नाही, हे ऐकत बसण्याइतकी दुसरी शिक्षा नाही.

दोनदा त्या पाणी प्यायच्या निमित्तानं डोकावल्या. “कितवीत आहात?”

“तिसरीत.”

“कशी वाटतेय?”

“सतरा सापडली.”

शनिवारपर्यंत बाईंनी नवा शेवट लिहिला. खोक्याला हात न लावता, स्वतःच्या डोक्यातून. त्यांच्या नायिकेनं दिवा मालवण्याऐवजी घराला कुलूप लावलं, किल्ली खिडकीत ठेवली आणि ती चालायला लागली. बाईंना ते बरं वाटलं. त्यांनी ते काकांना वाचून दाखवलं, आयुष्यात पहिल्यांदाच.

“हे आहे,” काका म्हणाले.

“काय आहे?”

“सातवीत आहे. पान दोनशे बारा. तिथं ती किल्ली कुंडीखाली ठेवते, एवढाच फरक.”

“हे कार्डावरचं नाही! आज लिहिलंय मी!”

“असेल. पण आहे.” त्यांनी पान काढून दाखवलं. कुंडी, किल्ली, कुलूप, सगळं जागच्या जागी.

बाईंनी कागद चुरगाळला. रविवारी नायिकेला बसमध्ये बसवलं. काका म्हणाले, बस पाचवीत आहे, आठवीतही आहे, चौथीत बस चुकते. सोमवारी तिला पत्र लिहायला लावलं. पत्र तिसरीत निघालं. मंगळवारी बाईंनी रागारागानं तिला मारून टाकलं, तर काकांनी मान हलवली. “दुसरी आणि सहावी.”

“तुम्ही काय माझ्या मुळावर उठलाय का?” बाई ओरडल्या.

पण त्यांना मनातून कळून चुकलं होतं. लाल रेघा असत्या तरी हेच झालं असतं. कार्डांवर खापर फोडणं सोपं होतं. खोकं गेलं चुलीत. त्यांच्या डोक्यातच एक खोकं होतं आणि त्यातल्या कशावरच कधी रेघ मारलेली नव्हती. चौतीस वर्षं त्या तेच तेच बाहेर काढत होत्या आणि नवं समजून हरखत होत्या. सदुसष्टाव्या वर्षी हे कळून उपयोग तरी काय, असं वाटून त्यांना रडू फुटायला आलं.

“तुझ्या सगळ्या बायका शेवटी निघून जातात,” काका कार्डं सारखी करत म्हणाले. “मी मोजल्या. अकरापैकी नऊ. दोघी मरतात. ही बारावी जात नाही म्हणतेस, तर तिच्या घरात दुसरं कुणी ठेवलेलंच नाहीस.”

“आणि नवरे?” बाईंनी चिडून विचारलं. “त्यांचीही मोजदाद केली असेल.”

“नवरे कुठं जातायत? बसलेले असतात. अकराच्या अकरा.” त्यांच्या बोलण्यात कुरकुर नव्हती. तिसऱ्या गल्लीत व्हॉल्व्ह बंद आहे, अशा सुरात त्यांनी ते सांगितलं.

बुधवारी बाईंनी एक ओळही लिहिली नाही. प्रकाशकाचा फोन वाजला, तो उचलला नाही. घरभर फिरल्या, धुतलेली भांडी परत धुतली, काकांच्या चहात साखर घालायची विसरल्या, आणि त्यांनी तो तसाच प्यायला म्हणून त्यांच्यावरच खेकसल्या.

गुरुवारी सकाळी काकांचं काम संपलं. चारशे बारा कार्डांपैकी दोनशे एकोणसाठांवर लाल रेघ. ते फिरायला गेले आणि बाईंनी प्रुफांचा गठ्ठा पाठवण्यासाठी बांधायला घेतला. पहिलीचं प्रुफ वरच होतं. हात आपोआप एक्केचाळिसाव्या पानाकडे गेला.

काटलेल्या वाक्याखाली ठिपक्यांची एक नेटकी रांग होती. काटलेलं परत ठेवायचं असेल तर असे ठिपके देतात. बाईंचीच प्रुफं इतके दिवस बघून काकांनी ते उचललं होतं. समासात त्यांच्या त्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘राहू दे. वाक्य चांगलं आहे. पण खुर्च्या चार नव्हत्या, तीन होत्या.’

बाई ते पान हातात घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या आणि दाराकडे तोंड करून बसल्या. काका परत यायला पाऊण तास लागला. एवढा वेळ त्यांची वाट पाहत बाई यापूर्वी कधी बसल्या होत्या, त्यांनाच आठवेना.

“खुर्च्या तीन होत्या?” काका आत येताच त्यांनी विचारलं.

“तीनच. ते पहिलं घर ना आपलं, जिन्याखालचं? चौथी घ्यायची म्हणत होतो, पण जागाच नव्हती.”

“मग सांगितलं का नाहीत इतकी वर्षं? मी असलं काही लिहिलं, तुम्हाला लागलं, आणि तुम्ही...” बाईंनी हातातलं पान टेबलावर ठेवलं. “एकदा तरी भांडायचंत.”

“तू लिहीत असायचीस,” काका म्हणाले. “तू लिहिताना बोललं की तुला चालायचं नाही. म्हणून बसून राहायचो.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सकाळच्या उन्हातून आलेला घामेजलेला माणूस, एक हात दाराच्या चौकटीला टेकून एका पायानं चप्पल सोडवत होता. बाईंच्या अकराही कादंबऱ्यांत याला कुणी एक प्रश्न विचारलेला नव्हता. बारावीत तर तो नव्हताच. उद्या शुक्रवार होता.

त्यांनी टेबलावरून एक कोरं कार्ड ओढलं आणि समोरची खुर्ची पायानं पुढं सारली.

“बसा. तीन कुठल्या कुठल्या होत्या?”

“एक वेताची,” काका बसत म्हणाले. “तिची एक बाजू उसवलेली, तू तिच्यावर उशी टाकून लिहायला बसायचीस. दोन लोखंडी, घडीच्या. त्यातली एक करकरायची, म्हणून मी दुसरीवर बसायचो, तुझं लिहिणं मोडायला नको म्हणून, आणि एकदा कुणी पाहुणे आले तेव्हा ती दुसरी...”

“अहो, जरा हळू सांगा ना,” बाई करवादल्या. “लिहितेय मी.”